एकांकिका लिहिताय? मग टार्गेट कसं ठेवायचं आणि नशिबाचं काय करायचं

सप्टेंबर आला की मला फोन यायला लागतात. कॉलेजच्या स्पर्धांचे निकाल लागलेले असतात, आणि पलीकडून एकोणीस-वीस वर्षांचं कोणीतरी रडवेल्या आवाजात म्हणतं, ताई, आपलं नशीबच नाहीये हो. नाहीतर मग दुसरा प्रकार, पहिल्याच वर्षी लेखनाचं बक्षीस मिळालेलं असतं आणि तो विचारतो, आता सगळं सोडून मुंबईला जाऊ का. दोघांना मी साधारण एकच गोष्ट सांगते, पण फोनवर ती नीट सांगून होत नाही, तालमीला उशीर झालेला असतो किंवा माझी बँकेची वेळ झालेली असते, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतेय.

मी सांगलीची. सोळा वर्षं एकांकिका आणि नाटकं लिहितेय, नोकरी सांभाळून. खाली जे आहे ते एकांकिका लिहिणाऱ्यांसाठी आहे, पण कविता, चित्रं, शॉर्टफिल्म काहीही करत असाल तरी बरंचसं लागू पडेल.

आधी वाक्यातला कर्ता शोधा

शाळेत व्याकरणाच्या तासाला बाई विचारायच्या ना, या वाक्यात कर्ता कोण? तेच करायचं. तुमचं ध्येय एका वाक्यात लिहा आणि बघा ते काम करणारं माणूस कोण आहे.

मी तेवीस वर्षांची असताना वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं: दोन वर्षांत करंडक, पाच वर्षांत व्यावसायिक नाटक, तिशीच्या आत मुंबईत नाव. मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून. आता यातला कर्ता शोधा. करंडक देणार परीक्षक. नाटक काढणार निर्माता. नाव घेणार प्रेक्षक आणि पेपरवाले. तिन्ही वाक्यांत मी कुठेच नाही! म्हणजे मी माझं आख्खं दशक दुसऱ्यांच्या कामाच्या यादीत टाकून दिलं होतं आणि त्या दुसऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मग दर वर्षी सप्टेंबरात मी फेल व्हायचे, आणि त्या वर्षी माझं लिखाण सुधारलं होतं की बिघडलं होतं याचा त्या फेल होण्याशी काही संबंधच नसायचा.

पुरुषोत्तम करंडकाचं उदाहरण घ्या. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही स्पर्धा घेतायत, भरत नाट्य मंदिरात अंतिम फेरी म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांची दिवाळीच असते, आणि २०२२ साली परीक्षकांनी ठरवलं की करंडक मिळावा अशी एकही एकांकिका यंदा नाही. करंडक कोणालाच दिला नाही. त्यावर भरपूर वाद झाला, दोन्ही बाजूंनी लोक बोलले, मला तो निर्णय बरोबर की चूक यात आत्ता पडायचं नाही. पण विचार करा, त्या वर्षी ज्या ज्या पोरांनी वहीत "करंडक" एवढंच लिहिलं असेल ती सगळीच्या सगळी नापास. आणि ज्या एखाद्या मुलीनं लिहिलं असेल की "यंदा मी निवेदक न वापरता गोष्ट पुढे नेऊन दाखवीन", ती कदाचित पास झाली असेल, आणि ते तिला करंडकाशिवाय कळलं असेल.

म्हणून पहिलं काम हे. वहीत पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे "मी करणार", उजवीकडे "व्हावं असं वाटतं". उजवी बाजू खोडायची नाही हां, लोक सांगतात की बक्षिसाची इच्छाच धरू नका, निष्काम वगैरे, मला ते जमलेलं नाही आणि ज्यांना मी जवळून ओळखते अशा एकाही लेखकाला जमलेलं नाही. बक्षीस हवंच असतं. ते लिहा, मोकळेपणानं लिहा, फक्त ते डावीकडे लिहू नका. डावीकडे फक्त तेच, जे तुम्ही एकट्यानं, कोणाच्याही परवानगीशिवाय पूर्ण करू शकता आणि झालं की शेजारी टिकमार्क करू शकता.

वर्ष मागून पुढे मोजा

डावीकडचं काम तारखेशिवाय लिहिलं तर ते काम होत नाही, त्याचं नुसतं वाटणं होतं. आणि तारखा काढायची आपल्याकडे चांगली सोय आहे, कारण मराठी नाटकाचं वर्ष ठरलेलं असतं. पावसाळ्यात कॉलेजच्या स्पर्धा, दिवाळीनंतर राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी ठिकठिकाणच्या केंद्रांवर, हिवाळाभर गावोगावच्या खुल्या एकांकिका स्पर्धा, आणि २५ जानेवारीच्या रात्री मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका स्पर्धा, जी रात्रभर चालते. या तारखा तुमच्यासाठी थांबत नाहीत ही उत्तम गोष्ट आहे.

समजा ऑगस्टच्या मध्यात प्राथमिक फेरी आहे. चाळीस-पंचेचाळीस दिवस तालीम लागते, म्हणजे जुलै लागायच्या आत संहिता दिग्दर्शकाच्या हातात, आणि हातात म्हणजे पूर्ण, शेवटासकट, "शेवट आपण तालमीत शोधू" असं नाही (मी हे दोनदा केलंय, दोन्ही वेळा शेवट सापडला नाही). जूनमध्ये शेवटचं पुनर्लेखन. मे महिन्यात दोन रीडिंग, दोन वेगळ्या गटांसमोर. म्हणजे पहिला खर्डा एप्रिल संपता संपता. आता माझी पाऊण तासाची एकांकिका टाईप केल्यावर साधारण बावीस पानं होते. रोज अर्धं पान लिहिलं तर चव्वेचाळीस दिवस. म्हणजे मार्चच्या मध्यात बसायला हवं. आणि मार्च-एप्रिलमध्ये तुमच्या परीक्षा असतात, म्हणजे खरं तर फेब्रुवारीतच.

बघा, "करंडक मारायचाय" पासून आपण "१ फेब्रुवारीपासून रोज अर्धं पान" इथपर्यंत आलो. अर्धं पान म्हणजे माझ्या अनुभवानं एक चहा आणि चाळीस मिनिटं. ज्या दिवशी डोकं चालत नाही त्या दिवशी मी पात्रांना नुसतं भांडायला लावते, नाटकात ते येणार नसतं, पण बोट हलत राहतं आणि त्या भांडणातून कधी कधी एखादं असं वाक्य पडतं की त्यासाठी आख्खा प्रवेश बदलावा लागतो.

एक सावधगिरी. डावीकडे फार भरू नका. वर्षाला एक एकांकिका पूर्ण, एक जुनी दुरुस्त, आणि महिन्याला दोन प्रयोग दुसऱ्यांचे बघणे, एवढं नोकरी किंवा कॉलेज सांभाळून भरपूर होतं. नवीन पोरं वर्षाला सहा एकांकिका, एक दोन अंकी आणि एक वेबसिरीज असं लिहून ठेवतात आणि मार्चमध्ये वहीच बंद होते. लिहिण्याची गती ही सवयीची असते, इच्छेची नसते.

आणि दुसऱ्यांचे प्रयोग बघणं हे करमणुकीत धरू नका, ते कामात धरा. तिकीट काढून बघा. आपली एकांकिका झाली की सामान टेम्पोत टाकून निघून जाणाऱ्या टीम मी शेकड्यांनी बघितल्यात, आणि मला फार वाईट वाटतं, कारण पुढच्या दोन तासांत त्याच रंगमंचावर तीन लोक त्यांचीच अडचण वेगळ्या पद्धतीनं सोडवून दाखवणार असतात.

नशीब येतं कसं, ते मी एकदा जवळून पाहिलंय

नशीब नाहीच, सगळं मेहनतीवर आहे, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. नशीब आहे. परीक्षकांना तुमच्या आधीची एकांकिका कशी वाटली, तुमचा नंबर दुपारी दोनला जेवणानंतर लागला की संध्याकाळी सातला, तुमच्याच विषयावर आणखी दोन कॉलेजांनी लिहिलंय का, लाईट गेली का, नायिकेला आदल्या दिवशी ताप आला का, हे सगळं नशीब. चांगल्या संहिता यात वाहून गेलेल्या मी पाहिल्यात आणि मध्यम संहिता वर आलेल्याही. हे मान्य केलं की डोकं बरंच शांत होतं. पण मान्य करून स्वस्थ बसायचं नाही, त्याच्याशी कसं वागायचं ते शिकायचं.

तेरा-चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापूरला केशवराव भोसले नाट्यगृहात आमची एकांकिका होती. (हे नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं तेव्हा टीव्हीसमोर बसून रडले मी, आत्ताही लिहिताना कसंतरी होतंय.) आम्ही प्राथमिक फेरीतच बाहेर. निकाल रात्री साडेबाराला लागला. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बाहेर भुरभुर पाऊस, टेम्पोत सामान चढवत होतो, सामान म्हणजे काय तर दोन खुर्च्या, एक लोखंडी खाट आणि एक ट्रंक, आणि मी टेम्पोच्या मागच्या फळीला टेकून उभी होते. तेवढ्यात त्या दिवशी लाईट्स ऑपरेट करणारे काका आले. अंगावर स्वेटर, हातात बॅटरी. म्हणाले, पोरी, ती खाटेवरची गोष्ट तुझी ना? आमच्या तालुक्याच्या मंडळात दोन बायका चांगलं काम करतात, त्यांना करण्यासारखं काही मिळत नाही, कॉपी आहे का एखादी?

कॉपी होती. पिशवीत होती, झेरॉक्स, स्टेपल केलेली, आणि पहिल्या पानावर माझं नाव आणि फोन नंबर होता. दिली. घरी आले आणि विसरूनही गेले.

त्या मंडळानं ती एकांकिका पुढच्या वर्षभरात सात ठिकाणी केली. सातव्या ठिकाणी प्रेक्षकांत एक दिग्दर्शक बसलेला होता, त्यानं पहिल्या पानावरचा नंबर फिरवला आणि विचारलं की याचं दोन अंकी होईल का. माझं पहिलं मोठं नाटक ते. चार वर्षं त्याचे प्रयोग झाले.

आता याला नशीब म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? लाईटवाल्या काकांच्या मंडळात दोनच बायका असणं, तो दिग्दर्शक त्या दिवशी त्या गावात असणं, यात माझं काहीच नाही. पण मी नंतर बसून डावी-उजवी बाजू मांडली तेव्हा चार गोष्टी माझ्या निघाल्या. संहितेची कॉपी सोबत होती. तिच्यावर नंबर होता. सेट एवढा कमी होता की कुठल्याही मंडळाला परवडला असता. आणि निकालानंतर मी तिथे होते, रुसून टेम्पोत पुढे जाऊन बसले नव्हते. या चारपैकी एक जरी नसती तरी ते नशीब माझ्यापर्यंत येऊन परत गेलं असतं आणि मला कळलंही नसतं की आलं होतं.

तेव्हापासून हे मी नियमानं करते आणि तुम्हीही करा. प्रत्येक प्रयोगाला तीन प्रिंट पिशवीत. फोनमध्ये संहितेचं पीडीएफ, फाईलच्या नावात नाटकाचं नाव आणि आपलं नाव, नुसतं "फायनल" किंवा "फायनल नवीन २" नाही. दोन ओळींत सांगता येईल अशी गोष्ट पाठ. प्रयोगानंतर अर्धा तास थांबायचं, आणि थांबून फक्त परीक्षकांच्या मागे फिरायचं नाही, मेकअपवाले, लाईटवाले, नेपथ्य लावणारे, नाट्यगृहाचे वॉचमन, यांच्याशी बोलायचं. हे लोक वर्षाला जेवढी नाटकं बघतात तेवढी कुठलाही समीक्षक बघत नाही. आणि ते बोलणं कामापुरतं गोड नको, खरंच विचारा, काका कुठे कंटाळा आला? उत्तर मिळतं. त्या काकांनीच मला नंतर सांगितलं होतं की तुझ्या तिसऱ्या प्रवेशात मला लाईट बदलायला काही कारणच नव्हतं, म्हणजे तिथे काही घडतच नव्हतं. इतकी नेमकी टीका मला परत कोणी केलेली नाही.

आकड्याचं पण थोडं बोलू. समजा एका ठिकाणी निवड होण्याची शक्यता दहात एक आहे. एकाच ठिकाणी पाठवून बसलात तर नव्वद टक्के नकारच येणार, त्यात तुमच्या पत्रिकेचा काही दोष नाही. तीन ठिकाणी पाठवलंत तर निदान एकीकडे तरी होकार यायची शक्यता सत्तावीस टक्के होते, दहा ठिकाणी पाठवलंत तर पासष्ट, वीस ठिकाणी तर अठ्ठ्याऐंशी. गणित इतकं सरळ नसतं हे मला माहितीय, एकच कच्ची संहिता वीस ठिकाणी फिरवली तर वीस नकारच येतील. पण बहुतेक लिहिणाऱ्यांचा प्रॉब्लेम कच्च्या संहितेच्याही आधीचा असतो. त्यांनी पाठवलेलंच असतं दोन ठिकाणी. ओळखीतल्या एका मुलानं मला "मला कोणी घेत नाही" म्हणून तासभर सांगितलं, मी विचारलं वर्षात किती जणांना दिलीस, तर म्हणाला एक सर आणि एक मित्र. म्हणून वहीत आणखी एक पान ठेवा: तारीख, कुठे पाठवलं, कोणाला, उत्तर काय. माझं ध्येय वर्षाला पंधरा नकारांचं असतं. हो, नकारांचं. पंधरा नकार गोळा करायचे तर निदान पंधरा दारं वाजवावी लागतात.

महत्त्वाकांक्षा मोठी ठेवा, पण कुंडीतलं काहीतरी उगवून दाखवा

महत्त्वाकांक्षा या शब्दाला आपल्याकडे जरा वास येतो. मध्यमवर्गीय घरात तर "फार उडू नकोस" हे ऐकतच आपण मोठे होतो. मला हे पटत नाही. ज्यांनी काहीतरी केलं ते उडालेच होते.

दादासाहेब फाळक्यांचं बघा. गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा बघितला आणि डोक्यात घेतलं की आपल्या देवांचा असा सिनेमा मी करणार. त्या वेळी इथे ना स्टुडिओ ना कॅमेरे ना काम शिकलेले लोक. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, ध्यास, त्याग वगैरे. मला त्यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. पैसे देणाऱ्यांना त्यांनी "माझ्यावर विश्वास ठेवा" असं म्हटलं नाही. एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला, आणि महिनाभर त्या रोपाची वाढ थोडी थोडी फिल्मवर घेतली. बी फुटून वेल वर चढतोय हे मिनिटाभरात दिसायला लागलं. ती फिल्म दाखवली आणि कर्ज मिळालं. ३ मे १९१३ ला गिरगावातल्याच कोरोनेशनमध्ये राजा हरिश्चंद्र लागला.

स्वप्न केवढं, तर एका देशाचा पहिला मोठा सिनेमा. आणि त्या महिन्याचं काम केवढं, तर एक कुंडी, एक वाटाणा. मी याला कुंडीची कसोटी म्हणते. तुमचं मोठं स्वप्न जे काही असेल, त्याची कुंडी कुठली ते शोधा. दोन अंकी व्यावसायिक नाटक लिहायचंय? त्यातला वीस मिनिटांचा एक प्रवेश लिहा आणि चार नटांना घेऊन कोणाच्या तरी हॉलमध्ये अभिवाचन करा, तीस खुर्च्या मांडा. छबिलदासची आख्खी प्रायोगिक नाटकांची चळवळ दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये झाली, १९७४ पासून, तिथे काही मखमली पडदे नव्हते. निर्मात्याला भेटायला जाताना "माझ्याकडे एक आयडिया आहे" असं जाऊ नका, मोबाईलवर शूट केलेला तो प्रवेश घेऊन जा. लोकांचं हसणं-गप्प बसणं त्यात ऐकू येतं.

आणि महत्त्वाकांक्षा कामाबद्दलचीही असू द्या, फक्त जागेबद्दलची नको. "व्यावसायिकवर जायचंय" ही जागेची झाली. "मला एकदा असा प्रवेश लिहायचाय ज्यात दोन माणसं पंधरा मिनिटं फक्त किराणा यादीबद्दल बोलतील आणि प्रेक्षकाला कळेल की यांचा घटस्फोट होतोय" ही कामाची. दुसऱ्या प्रकारची एक तरी उरात बाळगा, कारण पहिली कोणी हिसकावू शकतं, दुसरी नाही.

बरोबरच्यांचं पुढे जाणं याबद्दल थोडंच लिहिते. त्रास होतो. होऊ द्या. फोन करून अभिनंदन करा, त्यांचं नाटक जाऊन बघा, आणि त्या आठवड्यात सोशल मीडिया बंद ठेवा.

नोकरी, पैसे आणि कागद

"सगळं सोडून मुंबईला जाऊ का" या प्रश्नाला माझं उत्तर बहुतेक वेळा "आत्ता नको" असतं, आणि ते भित्रेपणातून येत नाही. तेंडुलकरांचं घाशीराम कोतवाल १९७२ च्या १६ डिसेंबरला भरत नाट्य मंदिरात उभं राहिलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, ते लहान मुलांचे डॉक्टर, दौंडला प्रॅक्टिस. नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे, ते मानसोपचारतज्ज्ञ. त्याच ग्रुपमधले सतीश आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये बायोकेमिस्ट्रीत नोकरीला. वाद झाला, ज्या संस्थेतर्फे नाटक उभं राहिलं तिनंच प्रयोग थांबवले, आणि या मंडळींनी मार्च १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी ही स्वतःची संस्था काढली, १९८० ला हेच नाटक युरोपला गेलं. मला नेहमी वाटतं की यांना स्वतःची संस्था काढायची हिंमत झाली त्यात घरची चूल नाटकावर अवलंबून नव्हती याचाही वाटा असणार. पोट ज्याच्या हातात असतं त्याला नाही म्हणणं फार अवघड असतं. आणि डॉ. श्रीराम लागूंनी कान-नाक-घशाची चालती प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नाटक धरलं ते १९६९ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी. म्हणजे पंचविशीत निर्णय नाही घेतला तर गाडी सुटली असं अजिबात नाही.

सोडायचंच असेल तर तेही तारखेनं आणि आकड्यानं करा. वर्षभराचा घरखर्च बँकेत, आणि सलग दोन वर्षं लेखनातून निदान निम्मा खर्च निघालेला. एकांकिकेतून पैसे जवळपास नाहीत हे आधीच माहीत असू द्या, स्पर्धेत मंडळाचाच खिसा रिकामा होतो. व्यावसायिक नाटकात लेखकाला प्रयोगामागे मानधन मिळतं, म्हणजे प्रयोग लागले तर पैसे. मालिकेत एपिसोडमागे मिळतात, पण तिथे रोज पानं द्यावी लागतात आणि स्वतःचं लिखाण वर्षभर बाजूला पडू शकतं, त्यामुळे जाताना परतीची तारीख डोक्यात ठेवून जा.

आणि कागद. यात मी पोळलेय म्हणून कळकळीनं सांगतेय. एका निर्मात्यानं चहावर, तोंडी, "ताई हे नाटक माझं" असं म्हटलं आणि मी चार वर्षं ते दुसऱ्या कोणाला दिलं नाही, शब्द दिला होता म्हणून. प्रयोग झाला नाही तो नाहीच. नंतर एका वकील मैत्रिणीनं कॉपीराइट कायदा उघडून दाखवला. १९५७ च्या या कायद्यातलं कलम १९ एकदा तरी वाचा. हक्क दुसऱ्याच्या नावे करून द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. आणि ज्यानं हक्क घेतले त्यानं एक वर्षात ते वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर, ते संपतात. म्हणजे मी ज्या शब्दाला चार वर्षं बांधून बसले होते त्यानं कायद्यानं मला बांधलेलंच नव्हतं. माझी ती चार वर्षं गेली. तुमची जाऊ नयेत. कुठल्याही करारात मुदत, भाषा, माध्यम (नाटक दिलं म्हणजे सिनेमा दिला असं होत नाही, तसं स्पष्ट लिहून घ्या) आणि प्रयोगामागचा आकडा, एवढं तरी असू द्या आणि सही करायच्या आधी वकिलाला दाखवा. सिनेमा-मालिकेची कथा कोणाला ऐकवायच्या आधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवता येते. तिकीट लावून प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, सर्टिफिकेट लागतं, ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

एकांकिका पडली तर

तीन दिवस दुःख करा. जेवू नका, रडा, दिग्दर्शकाला शिव्या घाला, काहीही. चौथ्या दिवशी परीक्षक काय बोलले ते आठवेल तसं लिहून काढा, पटो न पटो. वेगवेगळ्या ठिकाणच्या तीन लोकांनी एकाच जागी बोट ठेवलं तर ती जागा आजारी आहे, मग तुमचं कितीही आवडतं वाक्य तिथे असू दे. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर बदलू नका, दुसरीकडे पाठवा. एका संहितेला मी तीन पुनर्लेखनं देते, त्यानंतर ती ट्रंकेत. ट्रंकेतल्या दोन गोष्टी मी सहा-सात वर्षांनी बाहेर काढल्या आणि मग जमल्या, आधी लिहिल्या तेव्हा मला ते वय कळत नव्हतं एवढंच.

ध्येय बदललं तर अपराधी वाटून घेऊ नका. लेखक व्हायला आलेली एक मुलगी आता उत्तम प्रकाशयोजना करते आणि तिचा चेहरा बघितला की कळतं ती घरी पोचलीय.

माझी वहीची तारीख ५ नोव्हेंबर असते. १८४३ साली याच दिवशी विष्णुदास भाव्यांनी आमच्या सांगलीत सीतास्वयंवर उभं केलं, म्हणून हा मराठी रंगभूमी दिन. सकाळी नटराजाची पूजा होते, संध्याकाळी घरी येऊन मी नवीन पान काढते आणि रेघ मारते. गेल्या वेळचं पान आत्ता समोर आहे. उजवीकडे एकच ओळ आहे, ती मी इथे लिहीत नाही. डावीकडे: आईच्या दवाखान्याच्या दिवसांवरची एकांकिका, रोज अर्धं पान, १ डिसेंबरपासून. कोल्हापूरच्या काकांना पहिलं वाचून दाखवणे. पंधरा ठिकाणी पाठवणे. पहिल्या दोनवर टिकमार्क झालाय, तिसरीवर आत्तापर्यंत नऊ.